मुसळ काढल्यावर काय करायचं?



दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. आपण ती इतक्या सहज वापरतो, की हे चित्र मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आणि लूकच्या सहाव्या अध्यायात आहे, हे पुष्कळांच्या ध्यानीमनी नसतं. सोसायटीच्या सभेत, भाऊबंदकीच्या भांडणात, टीव्हीवरच्या चर्चेत ही म्हण येते. कशासाठी येते? बहुतेक वेळा समोरच्याचं तोंड बंद करण्यासाठी. तू कोण मला सांगणार, आधी स्वतःकडे बघ, आणि विषय संपला.

आज मला दाखवायचं आहे ते असं, की मूळ दृष्टांत तिथे संपत नाही. येशू पुढे आणखी एक पायरी सांगतो. आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग तुला स्पष्ट दिसेल, आणि मग तू भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढू शकशील. म्हणजे कुसळ निघायचंच आहे. ते भावाच्या डोळ्यात तसंच राहू द्यावं असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. आपल्या म्हणीने दृष्टांताचा पहिला अर्धा भाग ठेवला आणि दुसरा गाळला. माझं म्हणणं असं, की ख्रिस्ती समाजानेही पुष्कळदा नेमकं हेच केलेलं आहे. त्याची किंमत कोणी मोजली, तिकडे आपण शेवटी येऊच.

आधी शब्दांकडे बघू. मूळ ग्रीकमध्ये 'कार्फोस' आणि 'डोकोस' असे दोन शब्द आहेत. कार्फोस म्हणजे काडी, ढलपी, वाळलेल्या गवताचा तुकडा. डोकोस म्हणजे घराच्या छपराला लागते ती तुळई. येशूचा धंदा सुताराचा होता असं मार्क सांगतो, त्यामुळे हा विनोद सुतारशाळेतला वाटतो. डोळ्यात अख्खी तुळई घेऊन फिरणारा माणूस दुसऱ्याच्या डोळ्यातली ढलपी काढायला निघालाय. मराठी भाषांतराने ते चित्र सुतारशाळेतून उचललं आणि खळ्यात आणि माजघरात आणून ठेवलं. कुसळ आणि मुसळ. यमक साधलं, प्रमाणाचा फरक साधला, आणि बायबल ज्यांनी कधी उघडलंही नाही त्यांच्याही जिभेवर ते बसलं. भाषांतराचं यश याहून मोठं काय असतं? पण यमकाचा एक धोका असतो. यमक जुळलं की वाक्य पूर्ण झाल्यासारखं वाटतं. कुसळ, मुसळ, टाळी. पुढचं ऐकायला कोणी थांबत नाही.

त्याच्या आधीचं वाक्य तर आणखी अडचणीचं. तुमचा न्याय होऊ नये म्हणून तुम्ही न्याय करू नका, असा त्याचा आशय. इथलं क्रियापद आहे 'क्रिनो'. याचा मूळ अर्थ वेगळं करणं, निवडणं. मग त्यातून पारखणं, ठरवणं, निकाल देणं, दोषी ठरवणं असे अर्थ निघत जातात. 'क्रिटिक' आणि 'क्रायसिस' हे शब्द याच मुळातून आले. कांटच्या ग्रंथांच्या नावांत जो 'क्रिटीक' आहे तोही तिथलाच. मराठीतही गंमत बघा, तांदूळ निवडणं आणि पंचांचा निवाडा हे शब्द एकाच घरातले. तेव्हा प्रश्न असा येतो, की येशू कशाला मना करतो आहे? निवडायला, की शिक्षा ठोठावायला?

याचं उत्तर त्याच अध्यायात आहे. पाचच वाक्यांनंतर तो म्हणतो, मोती डुकरांपुढे टाकू नका. आता मोती कुठला आणि डुक्कर कुठलं, हे निवडल्याशिवाय ही आज्ञा पाळायची कशी? आणखी पुढे खोट्या संदेष्ट्यांविषयी सावध केलं आहे. मेंढराच्या वेषात लांडगे येतील, झाड फळावरून ओळखा. ओळखा म्हणजे पारखाच की! म्हणजे पारख करण्याला मनाई नाही. मनाई आहे ती स्वतः न्यायासनावर जाऊन बसायला, समोरच्या माणसाचा अखेरचा हिशेब आपल्या हातात आहे असं समजायला. म्हणून लगेच मापाची गोष्ट येते. ज्या मापाने तुम्ही घालाल त्याच मापाने तुम्हाला घातलं जाईल. वाण्याने देण्याचं माप एक आणि घेण्याचं दुसरं ठेवावं, तसं करू नका.

या वाचनाला एक मोठा विरोधक आहे आणि त्याला टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. तो म्हणजे टॉलस्टॉय. त्याने १८८० च्या दशकात आपल्या श्रद्धेविषयी जे लिहिलं, त्यात हे वाक्य अगदी शब्दशः घेतलं. न्याय करू नका म्हणजे कोर्टं, कचेऱ्या, न्यायाधीश सगळंच ख्रिस्ताच्या शिकवणीविरुद्ध आहे, असं त्याचं म्हणणं. १८९९ सालच्या 'पुनरुत्थान' कादंबरीत त्याने ते कथेत घातलं. एक उमराव ज्यूरीत बसलेला आहे, आणि पिंजऱ्यात उभी असलेली बाई कधीकाळी त्यानेच फसवून टाकून दिलेली. मुसळ न्यायासनाशेजारी बसलंय आणि कुसळ पिंजऱ्यात उभं आहे. टॉलस्टॉयची ताकद इथे आहे. व्यक्तीच्याच नव्हे, संस्थेच्या डोळ्यातही मुसळ असू शकतं, हे त्याने दाखवलं.

पण त्याच्या उत्तरात एक माणूस हरवतो. ज्याच्यावर अन्याय झाला तो. कोर्ट नको, निवाडा नको, ठीक आहे. पण ज्याची जमीन बळकावली, ज्या मुलीवर हात टाकला, तिने काय करायचं? टॉलस्टॉय अपराध्याच्या आत्म्याचा विचार करतो, न्यायाधीशाच्या आत्म्याचा करतो. पीडिताच्या वाट्याला मात्र सहन करणं येतं. हे मला मान्य करता येत नाही, आणि ज्या परंपरेतून येशू बोलतो त्या परंपरेलाही ते मान्य नव्हतं.

ती परंपरा बघायची तर लेवीय हे पुस्तक उघडा, एकोणिसावा अध्याय, १५ ते १८ ही चार वचनं. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, ही जगप्रसिद्ध आज्ञा त्यातली शेवटची. तिच्या आधी काय आहे हे क्वचितच कोणी सांगतं. पहिल्यांदा येतं, न्याय करताना गरिबाचीही बाजू घेऊ नको आणि बड्याचंही तोंड बघू नको. मग, चहाड्या करत फिरू नको, आणि शेजाऱ्याचा जीव धोक्यात असताना नुसता उभा राहू नको. मग, भावाचा मनातल्या मनात द्वेष करू नको, त्याला त्याची चूक स्पष्ट सांग, नाहीतर त्याच्या पापाचा वाटा तुझ्याकडे येईल. आणि शेवटी, सूड घेऊ नको, प्रीती कर.

हा क्रम नीट बघा. चहाडी एका बाजूला, सूड दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये तोंडावर सांगणं. आपण प्रेम आणि कानउघाडणी यांना एकमेकांच्या विरुद्ध मानतो. या जुन्या पुस्तकात त्या शेजारच्या खोल्या आहेत. न सांगणं म्हणजे क्षमा, असं तिथे धरलेलंच नाही. न सांगता मनात ठेवलेल्या गोष्टीला तिथे द्वेष म्हटलंय. आणि खरं आहे ते. ज्याच्याशी आपण बोलत नाही त्याच्याविषयी आपण इतरांशी फार बोलतो.

आता मत्तयाचा अठरावा अध्याय. इथे रीतच घालून दिली आहे. भावाने अपराध केला तर आधी एकट्यात सांग. ऐकलं, तर भाऊ तुला परत मिळाला. नाही ऐकलं, तर एक-दोघांना बरोबर ने, म्हणजे साक्षीदार होतील. तरी नाही, तर मंडळीला सांग. मंडळीचंही ऐकलं नाही, तर तो तुला परका किंवा जकातदार असल्यासारखा होऊ दे. या शेवटच्या पायरीवर बहिष्काराचं फार मोठं शास्त्र पुढे उभं राहिलं. पण हे लिहिलंय कोणाच्या नावाच्या शुभवर्तमानात? मत्तयाच्या. तो स्वतः जकातदार होता, आणि येशू जकातदारांच्या पंगतीला बसतो म्हणून लोक नावं ठेवत होते. तेव्हा 'जकातदारासारखा' याचा अर्थ कायमचा तोडून टाका इतका सोपा नाही. तो बाहेर गेला आहे हे मान्य करा, आणि बाहेरच्याकडे जसं पुन्हा जायचं असतं तसं जा, असाही तो होतो.

ही रीत शहाणपणाची आहे, यात शंका नाही. चारचौघांत अपमान केला की माणूस चूक सुधारत नाही, बचाव करतो. प्रत्येक शिक्षकाला हे ठाऊक असतं. पण या रीतीचा गैरवापर कसा झाला? 'आधी एकट्यात' ही पायरी सरसकट सगळ्यांवर लादली गेली. ज्याला लुबाडलं त्याला सांगितलं, तू त्याच्याशी एकट्याने बोललास का? जिच्यावर अत्याचार झाला तिला सांगितलं, बाहेर कशाला बोलतेस, वचनात काय लिहिलंय ते बघ.

हा गैरवापर आहे असं मी कशावरून म्हणतो? त्या अध्यायावरूनच. त्यात शब्द 'भाऊ' आहे. ही बरोबरीच्यांमधली रीत आहे. आणि अध्याय सुरू कुठून होतो? येशू एका लहान मुलाला मध्ये उभं करतो तिथून. या लहानांपैकी एकाला जो अडखळवील, त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेलं बरं, इतकं कठोर तो बोलतो. नंतर हरवलेल्या मेंढराची गोष्ट, आणि मग ही रीत. ज्या अध्यायाची सुरुवात लहानांच्या रक्षणापासून होते, त्याच्याच आधाराने लहानांना गप्प बसवणं म्हणजे वचन उलटं धरून वाचणं.

आणि हे घडलं. २००२ साली 'बॉस्टन ग्लोब' या दैनिकाने तिथल्या धर्मप्रांताची कागदपत्रं उजेडात आणली. मुलांवर अत्याचार केल्याचे आरोप असलेल्या धर्मगुरूंना एका पॅरिशमधून दुसऱ्या पॅरिशमध्ये हलवलं जात होतं. त्याच वर्षी डिसेंबरात कार्डिनल लॉ यांना पद सोडावं लागलं. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी, असा प्रकार कळला तर तो वरिष्ठांना कळवणं धर्मगुरूंवर आणि मठवासीयांवर बंधनकारक केलं. आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं १९ वं कलम तर ज्याला ज्याला कळलं त्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकतं. तिथे 'आधी एकट्यात सांगून बघू' याला जागा नाही. यावर फक्त ख्रिस्ती लोकांकडे बोट दाखवायचं कारण नाही. 'घरातली गोष्ट घरात' हे वाक्य कुठल्या धर्माचं? सगळ्यांचंच.

मग एकट्यात कधी आणि उघडपणे कधी? याला नव्या करारातच एक उदाहरण आहे. गलतीकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो, की अंत्युखियात त्याने पेत्राला सगळ्यांदेखत खडसावलं. पेत्र आधी विदेशी विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमहून काही मंडळी आली तसा तो मागे सरकला, पंगत वेगळी केली. पंगत वेगळी करणं म्हणजे काय असतं, हे महाराष्ट्रात समजावून सांगावं लागत नाही. पेत्राची कृती उघड होती आणि तिने दुखावलेली माणसं समोर बसलेली होती. पौल त्याला बाजूला घेऊन कानात बोलला असता, तर पेत्राची अब्रू राखली गेली असती. पानावरून उठवल्यासारखं ज्यांना वाटलं त्यांची अब्रू कोणी राखली असती?

या प्रसंगावरून पुढे ऑगस्टीन आणि जेरोम या दोन दिग्गजांमध्ये पत्रांतून वाद झाला. जेरोमचं मत, की पौल आणि पेत्र यांनी हे भांडण लोकांना धडा मिळावा म्हणून ठरवून केलं. ऑगस्टीनने ते अमान्य केलं. शास्त्रातच असं नाटक शिरू दिलं तर विश्वास कशावर ठेवायचा, हा त्याचा सवाल. मला त्यातली आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. आपल्या मागून आलेल्याची फटकार पेत्राने सोसली, यात ऑगस्टीनला पेत्राचा मोठेपणा दिसला. आणि नियतीचा विनोद बघा. जेरोमवर टीका करणारं ऑगस्टीनचं पत्र वाटेत भरकटलं, आणि जेरोमच्या हाती पडण्याआधी त्याच्या प्रती इतरांच्या हातात फिरल्या. जेरोम संतापला, माझ्याविषयीचं माझ्याआधी दुसऱ्यांनी वाचायचं? एकट्यात की चारचौघांत, हा प्रश्न अशा रीतीने त्या दोघांच्याच दारात येऊन उभा राहिला.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने याची नीट मांडणी केली. 'सुम्मा'मध्ये बंधूला सुधारण्याविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. तो म्हणतो, अपराध उघड असेल तर उघड बोला. गुप्त असेल आणि नुकसान फक्त अपराध्याचं होत असेल, तर आधी एकांतात. पण गुप्त असूनही त्याने इतरांची हानी होत असेल, तर सहसा थेट उघड करा, हानी थांबली पाहिजे. वरिष्ठाला कनिष्ठाने सांगावं का? सांगावं, अदबीने. पण श्रद्धाच धोक्यात असेल तर सगळ्यांदेखतही, आणि तिथे तो पौल-पेत्राचाच दाखला देतो. साडेसातशे वर्षांपूर्वीची ही मांडणी आजच्या कित्येक संस्थांच्या तक्रार समित्यांपेक्षा स्पष्ट आहे. एकांताचा हक्क अपराध्याच्या सुधारणेसाठी आहे. दुसऱ्याच्या हानीवर पांघरूण घालण्यासाठी तो नाही.

आता उलट बाजू. दोष दाखवणारेही काही धुतल्या तांदळासारखे नसतात. दोष दाखवण्यात एक गोडी असते. आणि कधी कधी 'मी तुझ्या भल्यासाठी सांगतो' असं म्हणत माणसाचा मुद्दा बाजूला सारून त्याच्या स्वभावाचा पंचनामा केला जातो. याचं आपल्या जवळचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या, वाँटेज इथल्या अँग्लिकन भगिनींकडे राहिल्या, आणि तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या आध्यात्मिक पालक. पुढे दोघींमध्ये जो पत्रव्यवहार झाला तो मराठी माणसाने वाचायलाच हवा. रमाबाई प्रश्न विचारतात. त्रैक्याचा सिद्धांत मी कोणत्या आधारावर मानू? क्रुसावरची अक्षरं लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नकोत? चर्चच्या अधिकाऱ्याचा शब्द माझ्या सदसद्विवेकापेक्षा वरचा कसा? हे प्रश्न आहेत, यांना उत्तरं असू शकतात. पण पलीकडून वारंवार जे येतं ते स्वभावावरचं भाष्य. गर्व आहे, आज्ञाधारकपणा नाही.

तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही याला व्यक्तिनिष्ठ तर्कदोष म्हणत असू. नीतीच्या भाषेत हे मुसळ आहे. सिस्टर जेराल्डीन दुष्ट नव्हत्या. त्यांचं रमाबाईंवर आणि मनोरमेवर प्रेम होतं. पण राज्यकर्त्यांच्या देशात, राज्यकर्त्यांच्या चर्चमध्ये बसून वसाहतीतल्या एका विधवेची नम्रता मोजताना हातातलं माप कोणतं आहे, हे त्यांना दिसत नव्हतं. रमाबाईंनी मात्र उत्तर देताना नातं तोडलं नाही आणि मुद्दाही सोडला नाही. एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. या पत्रांचं संकलन सिस्टर जेराल्डीन यांनीच केलेलं आहे, जे १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केलं. आपल्याविरुद्ध जातील अशी पत्रंही त्यांनी ठेवली. आज आपण त्यांच्यावर टीका करू शकतो ती त्यांनीच जपलेल्या पुराव्यावर. हा प्रामाणिकपणा लहान नाही.

आता पुन्हा मुसळाकडे. एक शंका विद्यार्थी नेहमी काढत असत. सर, सिगरेट ओढणाऱ्या डॉक्टरने सिगरेट वाईट म्हटलं, तर ते खोटं ठरतं का? नाही ठरत. बोलणारा कसाही असो, विधान खरं असेल तर खरंच. मग येशू मुसळ आधी काढायला का सांगतो? कारण मुसळ डोळ्यात आहे. ते हातात किंवा पाठीवर असतं, तर ते ओझं झालं असतं. डोळ्यात आहे म्हणजे प्रश्न दिसण्याचा आहे. तिथे तो 'ढोंगी' म्हणतो, आणि त्यासाठीचा ग्रीक शब्द मुळात रंगभूमीवरच्या नटाचा. नटाला कुसळाशी कर्तव्य नसतं, आपण काढताना कसे दिसतो याच्याशी असतं. म्हणून अट निर्दोष असण्याची नाही. तशी असती तर जगात कोणीच कोणाला काही सांगू शकलं नसतं, आणि त्याचा फायदा सगळ्यात जास्त कोणाला झाला असता? ज्यांच्याकडे सत्ता आहे त्यांना. अट आहे ती स्पष्ट दिसण्याची.

तेव्हा कोणाची चूक सांगायला निघाल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात. मला हानी थांबवायची आहे, की समोरच्याला पडलेलं बघायचं आहे? हेच माप मी माझ्या माणसाला लावलं असतं का? आणि मी गप्प बसलो तर त्याची किंमत कोण मोजणार, मी, की माझ्यापेक्षा दुबळा कोणी? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'दुबळा कोणी' असं आलं, तर पहिल्या दोन प्रश्नांवर फार दिवस घालवू नयेत. आपलं मन पूर्ण स्वच्छ होईपर्यंत त्याने थांबावं, अशी अपेक्षा करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

खळ्यावर काम केलेल्यांना माहीत असेल, डोळ्यात गेलेलं कुसळ आपलं आपल्याला काढता येत नाही. दुसरा माणूस लागतो. त्याला अगदी जवळ यावं लागतं, हात हलका लागतो, उजेड लागतो, आणि ज्याचा डोळा आहे त्यालाही क्षणभर स्थिर बसावं लागतं. लांबून ओरडून कुसळ निघत नाही. आणि 'माझ्याही डोळ्यात काहीतरी आहे' असं म्हणून निघून गेलं, तर त्या माणसाचा डोळा जातो.